लंगडीवरचा श्वास

दादाने नवा मोनोपॉड, म्हणजे कॅमेऱ्याचा एकपायी टेकू, आणला तेव्हा मी तो आधी वजनकाट्यावर ठेवला. पाचशे ऐंशी ग्रॅम. एकीत एक सरकणाऱ्या चार पोकळ कार्बनच्या नळ्या, वर कॅमेरा बसवायचा स्क्रू, खाली रबरी टोक. दादाने त्याचं नाव लंगडी ठेवलं.

"तीन पायांचं स्टँड वाहून माझेच पाय गेले," तो म्हणाला. "आता हिच्याबरोबर लंगडी खेळतो."

आम्ही बहीणभाऊ कारखान्यांसाठी छोटे माहितीपट करतो. दादा चित्रण करतो, मी संकलन. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ही हे काय करते, असं कुणी विचारलं की दादा म्हणतो, "आमच्या शास्त्रज्ञबाई आहेत त्या," आणि विषय संपवतो. त्या महिन्यात सूतगिरणीचं काम होतं. यंत्रांच्या दोन रांगांमधून जेमतेम एक माणूस जाईल एवढीच वाट. तिथे स्टँड मांडायला परवानगी नव्हती, म्हणून लंगडी.

तिच्यावर काम करताना एक अडचण असते. धरणाऱ्याचा श्वास चित्रात उतरतो. छाती फुगली की चौकट वर जाते, रिकामी झाली की खाली येते. म्हणून शॉट सुरू झाला की दादा श्वास धरतो. तीस-चाळीस सेकंद. पंधरा वर्षं कॅमेरा हातात धरून लागलेली सवय.

कॅमेरा प्रत्येक शॉटबरोबर स्वतःच्या हालचालीचीही नोंद ठेवतो. ती आलेखावर मांडून मी चित्रातले हिसके काढते. श्वास धरलेल्या दादाचा आलेख मला पाठ आहे: सपाट रेघ आणि तिच्यावर नाडीचे बारीक दात.

पहिल्या दिवसाच्या आलेखात दातांखाली एक लाट होती. दर सोळा सेकंदांनी एक. चढायला सावकाश, उतरायला जरा घाई. यंत्रं अशी हलत नाहीत.

"श्वास सोडत होतास का रे?"

"आता तू मला शिकव," दादा म्हणाला.

मी घरी तपासून पाहिलं. लंगडी भिंतीच्या कोपऱ्यात टेकवून ठेवली: रेघ सपाट. कॅमेरा टेबलावर ठेवला: सपाट. मग लंगडी हातात घेतली, श्वास धरला आणि एक मिनिट मोजलं. माझ्या नाडीचे दात उमटले. त्यांच्याखाली ती लाट होती. हाताला काहीच जाणवलं नव्हतं.

मी तळहात पँटला पुसले. का, ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या आठवड्यात दादाचे शॉट लांबायला लागले. सत्तर सेकंद. मग दोन मिनिटं दहा सेकंद. मग पावणेसहा मिनिटं, एकही हिसका नाही. लाट आता दुप्पट उंच होती. दादाचा स्वतःचा श्वास मी शोधून शोधून थकले.

"पावणेसहा मिनिटांत श्वास कधी घेतलास?"

"घेतला असेल की मधे. मोजत बसतो का मी?"

"आलेखात नाहीये."

"मग तुझा आलेख बिघडलाय." तो हसला. हसताना त्याचे खांदे हलले नाहीत.

वहिनीला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, याची तब्येत बरी आहे ना.

"छान आहे," ती म्हणाली. "घोरायचासुद्धा बंद झालाय. आठ वर्षं त्या घोरण्याला शिव्या घातल्या, आणि आता मलाच झोप लागत नाही. इतकं शांत कुणी झोपतं का गं?"

दादाला म्हटलं, ही लंगडी परत करू, मी दुसरी आणते. तो म्हणाला, एकच शॉट राहिलाय, उद्या सकाळची पहिली पाळी. मी म्हटलं, मग मीही येणार.

सकाळी सात वाजता आम्ही गिरणीत होतो. बाहेर कडाक्याची थंडी, आत गरम दमट हवा आणि सूत कातणाऱ्या हजारो चात्यांची एकसुरी घरघर. दादा वाटेच्या तोंडाशी उभा राहिला. मी त्याच्या मागे, हातभर अंतरावर. त्याने बटण दाबलं.

मी त्याच्या पाठीकडे बघत होते. शर्टाला पाठीच्या मधोमध एक चुणी होती.

चार मिनिटं झाली. चुणी हलली नाही.

आठ मिनिटं.

मुकादम शेजारच्या वाटेने गेला आणि थांबून बघायला लागला. मग निघून गेला.

अकराव्या मिनिटाला मी दादाच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गरम होती. तिच्यात काहीच हलत नव्हतं.

लंगडी मात्र हलत होती. मी जवळून पाहिलं. वरची नळी खालच्या नळीतून केसभर वर आली, थांबली, खाली गेली. नळ्या जागी धरणारी चिमटी घट्ट आवळलेली होती.

मी ती त्याच्या हातातून ओढून घेतली.

दादा वळला. "अगं, चांगला चालला होता शॉट." आवाज नेहमीचा. डोळेही नेहमीचे. "बरं, झालं तेवढं पुरे."

मला ती तिथेच टाकून द्यायची होती. पण दादाने ती माझ्याकडून घेतली, मिटली आणि गाडीच्या मागच्या सीटवर आडवी ठेवली. आम्ही निघालो. काचा बंद होत्या. माझ्या बाजूची काच माझ्याच श्वासाने धुरकट होत होती. दादा गाडी चालवत सारखा बोलत होता: मुकादमाचा चेहरा, वहिनीने सांगितलेलं सामान, पुढचं काम. त्याच्या बाजूची काच लख्ख होती.

"गप्प का गं?" त्याने विचारलं.

मी मागे वळून पाहिलं. मागच्या सीटवर लंगडीशिवाय काही नव्हतं. तिच्या टोकाजवळच्या खिडकीच्या काचेवर वाफेचे दोन गोल होते. मोठा सावकाश पसरत होता, सावकाश विरत होता. त्याला चिकटून असलेला लहान गोल भराभर उमटत होता, घाबरलेल्या माणसाचा श्वास उमटतो तसा.

"सांग ना," दादा म्हणाला.