आईच्या नावाने आलेला चोर

माझी आई गुरू ग्रहाच्या वाटेवर होती, आणि तरी परवा दुपारी तिने आमच्या तांबडवाडीच्या धक्क्याचं दार उघडून पुन्हा लावलं! म्हणजे सर्व्हरवर (गावाची माहिती आणि यंत्रं सांभाळणारा मोठा संगणक) तशी नोंद होती. दार उघडणारी व्यक्ती : वासंती धारप. आता सांगा, एक माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी कसं असेल?

तांबडवाडी मंगळाच्या जमिनीखाली आहे आणि यानं उतरतात तो आमचा धक्का. आई आधी या धक्क्याची प्रमुख होती. गेल्या वर्षी ती संशोधनाच्या यानातून गेली आणि मी आबांकडे, म्हणजे तिच्या वडिलांकडे राहिले. गावाचा सर्व्हर आबाच सांभाळतात.

मला त्या नोंदीचं मुळीच आश्चर्य वाटलं नाही. कारण मागच्या आठवड्यात आईचा निरोप आला होता. ‘चारू, आम्ही केव्हाच परत फिरलो. तुला चकित करायचं होतं. रविवारी पोहोचतो. धक्क्याचं दार उघडं ठेवायला सांग.’ मी आनंदाने अख्ख्या वाडीत ओरडत फिरले होते.

“आई जवळ आलीय आणि दार चालतंय का ते बघतेय,” मी आबांना म्हटलं.

आबा हसले नाहीत. “पहिल्यांदा पासवर्ड चुकला आणि पापणी लवते न लवते तोच सुधारून पुन्हा टाकला. आई गुरूजवळ असती तर ‘चुकला’ हे तिला कळायलाच पाऊण तास लागला असता. रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगाने जातात, त्याहून वेगाने काहीच जात नाही. हे जवळून कोणीतरी केलंय.”

“तेच तर म्हणतेय! ती जवळ आहे!”

“अगं, पण ती जवळ आहे हे तुला सांगितलं कोणी?”

“तिच्या निरोपाने.”

“आणि तो आला तिच्याच खात्यातून. त्या खात्यात चोर बसला असेल तर?”

मला आबांचा इतका राग आला की काय सांगू.

आबांनी आधी सर्व्हरचा बाहेरच्या जगाशी संपर्क तोडला. सर्व्हर बंद मात्र केला नाही, कारण बंद केल्यावर चोराच्या काही खुणा कायमच्या पुसल्या जातात. त्या खुणा त्यांनी वेगळ्या उतरवून घेतल्या. चोर दहा दिवसांपूर्वीच शिरला होता. आईचा पासवर्ड माझं नाव आणि वाढदिवस जोडून केलेला. असला पासवर्ड कोणीही ओळखेल!

“पण आई गेल्यावर तिचं खातं चालू कसं राहिलं?” मी विचारलं.

आबांनी मान खाली घातली. “माणूस प्रवासाला निघालं की मागे लगेच केर काढू नये म्हणतात ना? तसंच आपण इथे कोणाचं खातं बंद करत नाही. अभद्र वाटतं.”

“अभद्र वाटतं म्हणे! आणि चोर आला तो शुभ का?”

बोलले खरी, पण लगेच मला फार वाईट वाटलं.

“मग आता त्याला हाकला आणि मोकळे व्हा,” मी हळूच म्हटलं.

“तेवढ्याने भागत नाही, बाळा. घरात दहा दिवस राहिलेल्या चोराने कुठली कडी सैल केली, कुठल्या किल्लीचा ठसा घेतला, आपल्याला काय ठाऊक? सर्व्हर पूर्ण पुसायचा. मग चोर शिरण्याआधीचा बॅकअप (माहितीची वेगळी जपलेली प्रत) त्यावर चढवायचा. ती प्रत कपाटात असते, कुठल्याच तारेला जोडलेली नसते, म्हणून चोराचा हात तिथवर पोहोचत नाही. मग सगळ्यांचे पासवर्ड बदलायचे आणि नको ती खाती बंद करायची.”

“आईचा निरोपही पुसाल?”

“पुरावा म्हणून वेगळा ठेवीन. पण त्यावर विसंबून रविवारी दार उघडणार नाही.”

“आणि खरंच आई असली तर? ती बाहेरच ताटकळेल!” मी रडायलाच लागले.

“म्हणून तिलाच विचारू. सर्व्हरला न जोडलेल्या जुन्या रेडिओवरून, सगळ्या दिशांना. असा प्रश्न विचार, ज्याचं उत्तर कधीच कुठल्या संगणकात गेलेलं नाही.”

मी खूप विचार केला आणि विचारलं, “आई, तू निघालीस तेव्हा मी कुठे होते?”

मग वाट पाहणं आलं. आई जवळ असती तर उत्तर लगेच यायला हवं होतं. आलं नाही. आबांनी चहा केला, तो निवून गेला, तरी रेडिओ गप्पच. तो जितका गप्प राहत होता, तितकी आई लांब आहे हे मला कळत होतं. आबांना म्हटलं, “रेडिओ बिघडला असेल.” त्यांनी नुसता माझा हात धरला.

दीड तास होऊन गेला आणि खरखरीतून आईचा आवाज आला.

“तू न्हाणीघरात कडी लावून बसली होतीस. मी बंद दाराशी बोलून निघाले. चारू, हे का विचारतेस गं? बरी आहेस ना? आम्ही अजून पुढेच चाललोय, परतायला तीन वर्षं आहेत.”

म्हणजे रविवारी जे कोणी येणार होतं, ती आई नव्हती. आबांनी धक्क्याच्या पहारेकऱ्यांना बोलावलं, दार आतून पक्कं केलं आणि सर्व्हर पुसायला घेतला. आईचं खातं त्यांनी माझ्यासमोर बंद केलं. मी पोटभर रडले.

मग डोळे पुसले आणि रेडिओ पुन्हा चालू केला.

“मी बरी आहे, आई,” मी म्हटलं. “तू परत येशील ना, तेव्हा मी धक्क्यावर असेन. न्हाणीघरात नाही.”