शेवंताबाईच्या सात्या

बालाघाटच्या ठाण्यात टेबलावरच्या पळसाच्या पुड्याकडे पाहून हवालदार टिकारामनं नाक दाबलं. पुड्यात कालच्या उरलेल्या सात्या होत्या, म्हणजे वारुळावर उगवणाऱ्या खायच्या अळंब्या. आता त्यांतून काळपट पाणी गळत होतं आणि अळ्या वळवळत होत्या. त्याच खाऊन मोतीलालच्या घरची तीन माणसं ओकून ओकून दवाखान्यात पडली होती. त्यांतली म्हातारी चंपाबाई जगते की जाते, हे डॉक्टरही सांगेना.

विकणारी शेवंताबाई कोपऱ्यात बसली होती. म्हातारी गेली की बाई तुरुंगात, हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. बाजारात तिच्याशेजारी भाजी विकणारा भैयालाल तेवढा चहा घेऊन आला होता. जामीन मीच देतो, असं तो येईल त्याला ऐकवत होता. त्याच्या पांढऱ्या दुपट्ट्यावर हिरवे डाग होते, पण भाजीवाल्याचा दुपट्टा तसाच असायचा.

टिकारामनं शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या पुष्पलता बहनजींना बोलावलं. बाई तोंडानं फटकळ. नाकाला पदर लावून त्यांनी चिमट्यानं एकेक अळंबी उलटी केली. निम्म्यांच्या दांड्या मोडलेल्या होत्या. निम्म्यांना बुडाशी गाठ होती, गाठीला शेण चिकटलेलं.

"शेवंताबाई, तोडता कशा?"

"दांडी मोडाची, मूळ मातीतच ठेवाचं. मूळ उपटलं तं पुढल्या साली काय भेटन?"

"जागा कोणती?"

"थे नाई सांगत. भैयालाल तीन सालापासून इचारून राह्यला, त्यालेबी नाई सांगतली."

"टोपली सोडून कुठं गेल्या होत्या का?"

"नळावर, पाणी प्याले. तवा भैयालालनं राखली टोपली."

बहनजींनी दोन्ही तऱ्हेच्या अळंब्यांच्या टोप्या कोऱ्या कागदावर पालथ्या घातल्या, वर वाट्या झाकल्या आणि शाळेत निघून गेल्या. दुपारी परत येऊन वाट्या उचलल्या. एका कागदावर फिकट गुलाबी धूळ पडली होती, दुसऱ्यावर हिरवी.

"ही धूळ म्हणजे अळंबीचं बी, बीजाणू," बहनजी म्हणाल्या. "टोपी नुसतं फळ असते. खरा जीव खाली, धाग्यांचा. सात्यांचे धागे वाळवी वारुळात पोसते, म्हणून त्या शेणात येत नाहीत. त्यांची धूळ गुलाबी. हिरव्या धुळीची उकिरड्यावर येते, विषारी. रानात जाणारी बाई मूळ उपटत नाही. उपटली त्यानं, ज्यानं रान कधी पाहिलंच नाही."

त्यांनी भैयालालचा दुपट्टा ओढला आणि डागावर बोट घासलं. भाजीचा रस असता तर बोटाला काही लागलं नसतं. बोटावर कोरडी हिरवी धूळ आली. शाळेतून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली ती कागदावरच्या धुळीशी तंतोतंत जुळली.

"यातच बांधून आणल्या तू, आणि बाई नळावर गेल्यावर टोपलीत मिसळल्या. बाई आत गेली असती, तू जामीन दिला असता, आणि बदल्यात जागा मागितली असती. होय की नाही?"

भैयालाल खाली मान घालून म्हणाला, "हौ. मले वाटलं, नुसती उलटी होईन."

सात्यांपेक्षा याचीच जास्त किळस येते, असं टिकाराम सरळ बोलून गेला. तेवढ्यात दवाखान्यातून निरोप आला की म्हातारीनं पेज मागितली.

टिकारामनं शेवंताबाईचा जबाब लिहायला घेतला आणि सवयीनं विचारलं, "सात्या आणल्या ते ठिकाण?"

शेवंताबाई परत कोपऱ्यात जाऊन बसली.

"मले आतच टाका, साहेब. थे जागा फक्त माह्या सुनेलेच सांगाची हाय."