रस्त्यावर हिरवा बोर्ड

पहिलंच सांगतो. हे कुणाच्या मावसभावाच्या मित्राला घडलेलं नाही. माझ्याच गाडीत घडलंय, माझ्या डोळ्यांदेखत. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं सरळ दुसरं काहीतरी वाचावं. कमेंटमध्ये येऊन मला अक्कल शिकवू नये.

आणि रात्रबित्र काही नव्हती.

दुपार होती. जानेवारीचं ऊन. सोलापुरात गड्ड्याची जत्रा चालू होती. दोन वर्षं झाली त्याला. जागा म्हणाल तर मंगळवेढ्याच्या पुढचा माळ. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या लोकांना उगाच त्रास नको.

मी महेश्वर. अक्कलकोट रोडला माझं गॅरेज आहे. गाड्या दुरुस्त करून पोट भरतो आणि हौस म्हणून रॅली पळवतो. पळवत होतो.

रॅली म्हणजे सगळ्या गाड्या एकदम सुटत नाहीत. कच्चा रस्ता बंद करतात आणि थोड्या थोड्या वेळानं एकेक गाडी सोडतात. कमी वेळात पोचेल तो जिंकला. गाडीत दोघं. एक चालवणारा, दुसरा शेजारी बसून पुढचं वळण सांगणारा. त्याला नॅव्हिगेटर म्हणतात.

माझा नॅव्हिगेटर जोतिराम. तिकडचाच, मंगळवेढ्याकडचा. घरी मेंढरं. लहानपणापासून माळावर हाका मारून मारून आवाज असा झालेला की हेल्मेटमधल्या हेडफोनमध्ये माझे कान किटायचे. बाकीच्या गाड्यांत इंग्रजीतून चालायचं. आमच्या गाडीत, "अण्णा, म्होरं डावं हाय, वगळ हाय, दाबू नगा." लोक हसायचे. हसू देत. पण त्याचं वळण कधी चुकलं नाही.

चुकायचा तो एकाच गोष्टीत.

प्रत्येक गाडीत एक बोर्ड असतो. एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला हिरवा. गाडी उलटली तर एकानं बाहेर येऊन तो मागून येणाऱ्यांना दाखवायचा. हिरवा म्हणजे आम्ही ठीक आहोत, तुम्ही जा. लाल म्हणजे माणूस लागलाय, थांबा. लाल दिसला की थांबावंच लागतं, मग तुम्ही पहिल्या नंबरात का असेनात.

त्या दिवशी सकाळी आयोजकांचे साहेब सगळ्यांना गोळा करून नियम सांगत होते. साहेबांनी जोत्याला पुढं बोलावलं. म्हणाले, "समज माणूस जखमी आहे. दाखव बोर्ड."

जोत्यानं लाल बाजू नीट बघितली, आणि तशीच स्वतःकडं ठेवून बोर्ड दोन्ही हातांनी डोक्यावर धरला.

आमच्याकडं हिरवी बाजू.

सगळे खो खो हसले. साहेब म्हणाले, "बाबा, तो बोर्ड तुला बघायचा नाही, येणाऱ्याला बघायचाय." जोत्या लाजून कानापर्यंत लाल झाला. मीही त्याला चिडवलं, "मेंढरांना दाखवायलाव का बे बोर्ड?" तो म्हणाला, "घाई झाली की उलटं हुतंय अण्णा."

एवढंच. दुपारपर्यंत मी ते विसरूनही गेलो.

आमची गाडी मधल्या नंबरात सुटली. निम्मा रस्ता झाला. जोत्याचा आवाज कानात चालूच. "म्होरं डावं. बाभळ हाय. आन बाभळीपशी..."

तेवढंच ऐकू आलं.

पुढचं चाक कुठल्यातरी धोंड्यावर चढलं. गाडी उडाली, वळणावरून खाली ओघळीत, जोत्याच्या भाषेत वगळीत, गेली आणि उलटी होऊन बाभळीच्या बुंध्यात अडकली.

मग एकदम शांत झालं.

मी बेल्टला उलटा लटकत होतो. उजवा हात मोडला होता, बेल्टचं बक्कल दबून बसलं होतं, माझ्या बाजूचं दार मातीत रुतलं होतं. फोनला रेंज नाही. जोत्याकडं बघितलं. डोळे मिटलेले. त्याच्या बाजूचा पत्रा आत घुसून मांडीत बसला होता आणि रक्त थांबत नव्हतं.

"जोत्या... ए जोत्या..."

श्वास चालू होता. हेडफोनमध्ये तो मला ऐकू येत होता.

मी घाबरलो, पण धीर सोडला नाही. मागून गाड्या येणार होत्या. बोर्ड दाखवायला बाहेर कुणीच नाही म्हटल्यावर पहिलीच गाडी थांबणार, नियमच आहे तसा. वर रस्त्याची कड मला फुटक्या काचेतून दिसत होती. थोडा वेळ काढला की झालं.

आणि मग हेडफोनमध्ये एक आवाज आला...

बुटाखाली मुरूम करकरल्याचा.

कुणीतरी चालत होतं. पावलं माझ्या कानात वाजत होती. हे हेडफोन वायरनं जोडलेले असतात. माझं हेल्मेट आणि जोत्याचं हेल्मेट, तिसरं कुणी नाही. मी परत जोत्याकडं बघितलं. तो तसाच लटकत होता. ओठ मिटलेले.

पावलं चढ चढली आणि थांबली.

मग वरच्या कडेवरून उतारावर एक सावली पडली...

माणसाची. दोन्ही हात वर. हातात काहीतरी चौकोनी.

मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. आला बाबा रस्त्यावर नेमलेला कुणीतरी मार्शल, आता सुटलो.

पहिली गाडी आली. वळणावर वेग कमी झाला. खिडकीतून हात बाहेर आला... अंगठा वर करून.

आणि गाडी निघून गेली.

मी ओरडलो. घसा फाटेस्तोवर ओरडलो. इंजिनापुढं कोण ऐकणार?

दुसरी आली. तसाच अंगठा. तीही गेली.

तिसरी गाडी मी आवाजावरूनच ओळखली. गुंडाची. गुंडा माझा दोस्त, त्याचं इंजिन मीच बांधलेलं. म्हटलं हा तरी थांबेल. त्यानंही अंगठा दाखवला आणि गेला.

धुरळा खाली बसला. सावली तिथंच होती. हात अजून वर.

आणि कानात, अगदी हळू, जोत्याचा आवाज आला...

"थांबा की वो... कुणीतरी थांबा की..."

मी मान वळवली. जोत्याचे ओठ हलत नव्हते.

त्यानंतर किती वेळ गेला मला माहीत नाही. मेंढरांच्या घुंगरांचा आवाज आला. ओघळीच्या खालच्या अंगानं एक म्हातारी काठी टेकत, धापा टाकत आली. मायाक्का तिचं नाव, हे नंतर कळलं. आत वाकून तिनं जोत्याला बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"मावशी, गाडी थांबवा कुणाची तरी. पोरगं मरतंय."

"थांबीवते बाबा. म्या लांबनं तांबडी पाटी बगितली, म्हनून तर पळत आले. त्यो पोरगा वर हुबा हाय न्हवं पाटी घिऊन. माज्याकडं पाठ हाय त्येची. हाका मारल्या तर वळंना."

तिनं दुसरं काही विचारलं नाही. वर गेली आणि सगळी मेंढरं रस्त्यावर आडवी घातली. पुढच्या गाडीला थांबावंच लागलं.

अँब्युलन्समध्ये जोत्यानं एकदाच डोळे उघडले. माझा डावा हात धरला.

"अण्णा, गाड्या का थांबल्या न्हाईत?"

"बोलू नको जोत्या. पडून राहा."

"म्या तांबडं दावलं की. नीट बगून धरलं व्हतं. तरी का कुणी थांबलं न्हाय?"

"तू आत होतास बे. माझ्या शेजारी."

"न्हाय अण्णा. म्या रस्त्यावर व्हतो."

मंगळवेढा यायच्या आत तो गेला. डॉक्टर म्हणाले, रक्त फार गेलं होतं, थोडं आधी आणायला पाहिजे होतं.

थोडं आधी. तीन गाड्या आधी.

हाताचं प्लास्टर ओलं होतं तरी मी गुंडाच्या घरी गेलो. त्याची गचांडी धरली. "का थांबला नाहीस? तुझ्या डोळ्यांवर काय पट्टी बांधली होती का?"

गुंडा रडायलाच लागला. "अण्णा, सिद्धेश्वराची शपथ घेतो. जोतिराम रस्त्यावर उभा होता. त्याचंच हेल्मेट, त्याचाच निळा सूट. हिरवा दाखवत होता. हिरवा बघून कोण थांबतंय सांगा तुम्ही?"

त्याच्या गाडीत कॅमेरा होता. आम्ही दोघांनी व्हिडिओ बघितला. वळण येतं, बाभळ येते. रस्ता रिकामा. कुणी नाही.

आणि त्या रिकाम्या रस्त्याकडं बघून गुंडाचा अंगठा वर जातो.

व्हिडिओ परत लावायची हिंमत आमच्या दोघांत नव्हती.

गाडी ओढून गॅरेजला आणली. बोर्ड सीटच्या मागंच होता. ट्यूबची रबरी पट्टी लावून मी स्वतः बांधलेला, पट्टी जशीच्या तशी. कुणी सोडलेलाच नव्हता.

मी तो सोडला आणि उजेडात नेला.

बोर्डवर तिथल्या पांढऱ्या मातीचे हात उमटले होते. दोन्ही कडांना. चार-चार बोटं हिरव्या बाजूला... आणि अंगठे लाल बाजूला.

तुम्हीच एखादी पाटी धरून डोक्यावर न्या. अंगठे कुठं येतात बघा. आपल्या बाजूला येतात.

लाल त्याच्याकडं होता. त्याच्या मागून माळावरून आलेल्या मायाक्काला लाल दिसला. रस्त्यावरच्या गाड्यांना हिरवा. पोरगं जिवाच्या आकांतानं मदत मागत होतं, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतं, आम्ही ठीक आहोत, तुम्ही जा.

घाई झाली की उलटं हुतंय अण्णा.

मी बोर्डसकट खाली बसलो. त्या दिवसापासून मी रॅली सोडली.

गेल्या वर्षी जानेवारीत परत तिथंच रॅली ठेवली. मी आयोजकांना म्हणालो, मला त्या वळणावर मार्शल म्हणून उभं करा. मला फक्त तिथं असायचं होतं. का, ते माझं मलाही सांगता आलं नसतं. बायको म्हणाली, "कशाला जाताव तिकडं?" तिचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

तीच दुपार, तेच ऊन. बाभळीच्या बुंध्यावर आमच्या गाडीचा रंग अजून होता. मी एकटाच शिट्टी आणि झेंडा घेऊन उभा राहिलो. ओघळ मोकळी. कुणाचाही अपघात झालेला नव्हता.

पहिली गाडी आली. वळणावर वेग कमी झाला. चालवणाऱ्यानं अंगठा दाखवला. मीही हात हलवला.

दुसऱ्या गाडीनंही अंगठा दाखवला. तेव्हा माझ्या लक्षात आलं...

तो माझ्याकडं बघत नव्हता. माझ्या डाव्या बाजूला बघत होता.

माझ्या डाव्या बाजूला कुणी नव्हतं.

वारा पडला होता. लांबची घुंगरं पण ऐकू येईनात. माझी मान वळेना. पण खरं सांगतो, भीतीपेक्षा मला त्याची दया आली. वर्षभर हे पोरगं इथं हात वर करून उभं आहे. गाड्या का थांबत नाहीत, हे त्याला कळलेलंच नाही.

मी समोर बघतच म्हणालो, "जोत्या... बोर्ड उलटा धरलायस बे. फिरव तो."

काहीच झालं नाही.

मग माझ्या अगदी शेजारी... मुरूम करकरला.

तिसरी गाडी वळणावर आली आणि तिनं कचकचून ब्रेक मारला. सगळीकडं धुरळा झाला. नॅव्हिगेटर एक मुलगी होती, राजनंदिनी. त्या वर्षी नवीनच आलेली, तिला जुनं काही माहीत नव्हतं. हेल्मेट काढत पळत आली.

"कुठं आहेत? किती जण अडकलेत?"

"कोण?"

"अहो, लाल बोर्ड दाखवला ना आत्ता. इथंच होता तो, तुमच्या शेजारी. निळ्या सूटमधला." ती ओघळीच्या कडेला जाऊन खाली वाकली. खाली नुसती बाभळ. "खाली तर कुणीच नाही. कुणाला मदत पाहिजे होती?"

मी तिथंच धुरळ्यात बसून रडलो.

आता तिकडं रॅली होत नाही. पण रस्ता चालू आहे. मागच्या महिन्यात मायाक्का गड्ड्याला आली होती, तेव्हा गॅरेजवर येऊन गेली. चहा घेता घेता म्हणाली, "त्या वळनावर आताशा समदी थांबत्यात बग. दुधाचा टेम्पो थांबतोय, येष्टी थांबती. डायवर खाली उतरतोय, वगळीत वाकून बगतोय, आन गप निघून जातोय."

म्हणजे तो अजून तिथंच आहे.

मी त्याला बोर्ड फिरवायला सांगितलं. गाड्या थांबायला लागल्या. पण आता खाली वाचवायला कुणी उरलेलं नाही, बोर्ड ठेव आणि घरी जा, हे सांगायचं राहून गेलं.

बायको म्हणते, जाऊन एकदा सांगून या.

गाडी काढतो, मंगळवेढ्यापर्यंत जातो आणि माघारी फिरतो. खाली कुणी नाही म्हटल्यावर त्यानं विचारलं, "मग म्या कुटं हाय अण्णा?" तर मी काय सांगू?