पहिल्या नंबरची मृदुला शेंडे

अकोल्याचा उन्हाळा असा, की कोंबडी उकडलेलंच अंडं घालते. अशा गावात 'गारछत्र' विकणाऱ्या कंपनीने कॉल सेंटर काढले, यात नवल नव्हते. गारछत्र म्हणजे गच्चीवर उघडायची विजेची छत्री. तिच्याखाली भर मे महिन्यात जावयाला शाल द्यावी लागे.

नवल होते ते तिथल्या मनजोड यंत्राचे. कुठल्या गिऱ्हाइकाचा फोन कोणाच्या कानात पडायचा, ते हे यंत्र ठरवी.

प्रल्हाद बोदडे या यंत्रावर खार खाऊन होता. दर महिन्याला विक्रीत तो दुसरा येई आणि पहिली येई लातूर शाखेची मृदुला शेंडे. पहिला येईल तो गटप्रमुख होणार होता. पाण्याच्या कूलरवर बाईंचा हसरा फोटो लावलेला. तो दिसू नये म्हणून प्रल्हाद समोरच्या टपरीवर जाऊन पाणी पिई.

शेवटी तो यंत्र घडवणाऱ्या डॉ. नसरीन काझींच्या प्रयोगशाळेत घुसला. शाखाप्रमुख गावंडे साहेब तिथेच चहा पीत होते.

"मॅडम, त्या शेंडेबाईला सगळी गोड माणसं देता, अन् मलाच काहून हे जळके? सकाळपासून एकच रड! 'समोरच्या शेजाऱ्यानं लावलं, मला त्याहून मोठं द्या!'"

"यंत्र माणूस पाहत नाही, बोदडे, स्वर पाहतं," काझी म्हणाल्या. "मनातल्या भावनेचा बारीक कंप आवाजात उतरतो. तो लपवता येत नाही. ज्याचा कंप तुमच्याशी जुळतो, तोच फोन तुम्हाला लागतो. सारख्या मनाची माणसं एकमेकांवर चटकन विश्वास टाकतात."

"म्हणजे मी जळका?"

"यंत्र म्हणते, बाप्पा," गावंडे कपात पाहत म्हणाले. "मी नाही."

प्रल्हादला त्या रात्री जेवण गेले नाही. ही बाई बोलते कशी, खाते काय, हे डोळ्यांनी पाहावे म्हणून अभिनंदनाचे पेढे घेऊन त्याने लातूरची बस धरली. तिथल्या सेंटरच्या फाटकाबाहेर हापशावर एक मुलगी पाणी पीत होती.

"मी अकोला शाखेचा. मृदुला शेंडे कुठं बसतात, ताई?"

मुलीने ओंजळ झटकली. "नाव काढू नका तिचं! ती तुमच्या अकोल्याची हाय की. कूलरवर तिचा फोटो लावलाय, म्हणून तर आम्ही हितं पाणी पितो!"

परतल्यावर प्रल्हादने थेट प्रयोगशाळेत जाऊन जाब विचारला. गावंडेंनी दार लावून घेतले.

"नाही ती कुठंच. बनवलेली आहे. अरे, समाधानी माणूस झाडाखाली बसतो, गारछत्र घेत नाही. घेतो तो शेजाऱ्यावर जळणारा. त्याला पटवायला तसाच माणूस लागतो, अन् जळायला कोणीतरी पुढं असावं लागते."

"म्हणजे खरा पहिला मी?"

"नेहमीच."

प्रल्हादचा चेहरा असा उजळला, की काझी घाबरल्या. त्यांनी मनजोडचा माईक त्याच्यापुढे धरला. "बोला काहीतरी."

"किती छान वाटतंय, मॅडम!"

यंत्राचा जळफळाट मोजणारा काटा शून्यावर आडवा झाला.

"गेला हा," गावंडे हळहळले. "आता याला झाडाखालचेच फोन लागतील. बोदडे, नोकरी दुसरीकडे पाहा रे बाबा."

"पण साहेब, मी पहिला ना? मग गटप्रमुख?"

"ते पद शेंडेबाईंना दिलं कालच. हेड ऑफिसातून ऑर्डर निघाली."

"जी बाई नाहीच, तिला?"

"नावापुरतं रे."

माईक अजून प्रल्हादच्या तोंडाशीच होता.

"तिला डबा करावा लागत नाही," तो सावकाश म्हणाला. "उन्हात बस धरावी लागत नाही. कोणाची शिवी खावी लागत नाही. आम्ही असून दुसरे, अन् ही भवानी नसूनही पहिली!"

काटा उसळला, पार टोकाला आदळला आणि तिथेच वाकला. बाहेर प्रल्हादच्या टेबलावरचे फोनचे सगळे दिवे एकदम पेटले. साऱ्या वऱ्हाडातले जळके जणू रांगेत उभे राहिले होते.

त्याने धावत जाऊन पहिला फोन घेतला. पलीकडचा गृहस्थ शेजाऱ्याच्या गारछत्रापायी रडकुंडीला आला होता.

"नशीबवान आहात, दादा," प्रल्हाद दात आवळून म्हणाला. "तुमचा शेजारी निदान खरा तरी आहे! किती मोठं देऊ?"