मोडीत दिलेला तांब्या

ज्ञानेश्वरी चोरी करताना सापडली ती शिंकेमुळे. तांब्या ओढणीखाली नीट गेला होता, जिना चार पावलांवर होता... आणि माडीवरच्या धुळीनं घात केला. शिंक आली, तांब्या निसटला आणि फरशीवर असा काही घणघणला की खाली दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा वर बघू लागली.

“सावकाश,” मागून आवाज आला. “त्याला एक पोचा आधीच हाय.”

मागे एक तरुण उभा होता. एका हातात चिंचेचा कोळ, दुसऱ्या हातात काथ्या, आणि हसू दाबून दाबून फुगलेले गाल. हा रविराज. नगरच्या बाजारपेठेतलं खालचं भांड्यांचं दुकान त्याच्या वडिलांचं. वरचं हे ‘नाव घातलेल्या भांड्यांचं संग्रहालय’ मात्र त्याच्या एकट्याच्या खुळातून निघालेलं. लोक जुनी भांडी मोडीत द्यायचे, त्यांवरची नावं वाचून हा गडी हळवा व्हायचा आणि वितळायला निघालेलं भांडं गुपचूप माडीवर न्यायचा. आता तिथं सहाशे भांडी होती आणि ती बघायला दिवसाला दोन माणसं यायची, त्यातलं एक पत्ता चुकलेलं.

“आमचाच तांब्या हाय हा!” ज्ञानेश्वरीनं चोरीवर शिरजोरी केली. “वाचा की. ‘चि. लंकाबाई हिस बंधू गहिनीनाथ यांजकडून.’ लंकाबाई म्हंजे माझी आजी. कोल्हारची.”

“मग इथं कसा आला?”

“मीच दिला मोडीत,” तिचा आवाज एकदम उतरला. “नॉनस्टिक तव्यासाठी. आजी कर्जतला आत्याकडं गेलीय, पंधरा दिवसांनी येईल. भावाची आठवण गेली म्हटल्यावर ती मलाच मोडीत काढंल! आनि तुमी तर पाटीच लावलीय, वस्तू परत मिळणार न्हाई म्हणून.”

रविराजनं कान खाजवला. “मिळती... पण एक नियम हाय. एक भांडं गेलं की त्याच्या जागी दुसरं यायला पायजे. नाव घातलेलं, आणि ज्याला काहीतरी गोष्ट हाय असं. पुढच्या रविवारी आणा.”

हा नियम त्यानं तिथल्या तिथं रचला होता, हे त्याच्या लाल झालेल्या कानांवरून कुणालाही कळलं असतं. ज्ञानेश्वरीला कळलं नाही, कारण ती त्याच्या डोळ्यांकडे बघत होती.

पुढच्या रविवारी तिनं एक वाटी आणली. रविराजनं ती उजेडात धरून वाचली. “‘संगीत खुर्ची, तिसरा क्रमांक.’ वा! किती जणी हुत्या?”

“...तीन.”

तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मग त्यानं चहा मागवला आणि संग्रहालयातल्याच दोन पेल्यांत ओतला. तिच्या पेल्यावर कुणी राधाकृष्ण होते, त्याच्यावर कुणी सविता.

“वाटी न्हाई चालायची,” तो म्हणाला. “गोष्ट लई छोटी हाय. पुढच्या रविवारी...?”

“बघते,” ती म्हणाली. रागवायचं राहूनच गेलं, हे तिला घरी जाताना एसटीत आठवलं.

त्याच संध्याकाळी तिला राहवेना. तिनं कर्जतला फोन लावला आणि रडत रडत सगळं कबूल केलं.

“टाकलास? बरं झालं!” पलीकडून आजी म्हणाली. “दादानं नथ द्यायचं कबूल केलं आनि मांडवात तांब्या दिला. पन्नास वर्सं बघतीया मी त्याला. आता पुना डोळ्यांम्होरं नगं.”

संकट टळलं होतं. ज्ञानेश्वरीनं खरंतर उडी मारायला हवी होती, पण तिला नवाच घोर लागला. तांब्या नकोच म्हटल्यावर रविवारी नगरला जायचं तरी कशासाठी? तिला जायचं होतं. रविराज हसताना तिला बघायचा होता.

म्हणून तिनं कुणाला काही सांगितलं नाही. रविवारी घरातला एक झारा उचलला आणि निघाली.

“‘केशरबाई’? ह्या कोण?”

“शेजारीन. आठ वर्सांमागं मागून आणलेला. द्यायचा राहिलाय.”

यावेळी रविराज हसला नाही. आत जाऊन त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेला तांब्या आणला आणि तिच्यापुढे धरला. “झारा घेऊन जा. नियम-बियम काई न्हाई, मीच काढला हुता. तुमची आजी उद्या येणार ना? घ्या...” बोलताना तो वर्तमानपत्राकडेच बघत होता.

ती तांब्या घेऊन जिना उतरू लागली. चार पायऱ्या उतरली. पाचवीवर थांबली. तशीच मागे फिरली आणि तिनं तांब्या टेबलावर आदळला.

“आजीला नकोच हाय हा! आठ दिवस झाले मला कळून!”

“मग आज कशाला आलात?”

“तुमी नियम कशाला काढला?”

खाली कुणीतरी कढई वाजवून बघत होतं.

“तुमी परत यावं म्हणून,” रविराज अखेर म्हणाला.

“मग आले की!” तिचे डोळे भरून आले. “मला आवडता तुमी... लई आवडता.”

रविराजचे कान पुन्हा लाल झाले. “मग... मी येऊ कोल्हारला? घरी विचारायला?”

“या. पन रिकाम्या हातानं नका येऊ.”

पुढच्या रविवारी रविराज आपल्या आईला घेऊन कोल्हारला आला. रिकाम्या हातानं यायचं नाही, हे त्यानं फारच मनावर घेतलं होतं. त्याच्या हातात पेढ्यांनी काठोकाठ भरलेला, लखलखीत घासलेला तोच तांब्या होता.

ज्ञानेश्वरीनं कपाळावर हात मारला. घरात आजी हो म्हणाली तरच हो, आणि आजीपुढे नेमका हा तांब्या!

आजीनं तांब्या बघितला. मग रविराजला खालून वरपर्यंत बघितलं. मग एक पेढा तोंडात टाकला आणि सावकाश चघळून संपवला.

“मोडीत टाकला तरी फिरून दारात,” ती शेवटी म्हणाली. “आनि घिऊन येनाराबी तसलाच दिसतोय, हुसकावला तरी जायचा न्हाई. घे गं आत... तांब्यालाबी आनि जावयालाबी.”