टाकीतलं पाणी पळवतंय कोण?

“डिलेनी, टाकी पुन्हा भरली!” तिचा भाऊ कोल्बी गाडीला जोडलेल्या ट्रेलर-घरातून ओरडला.

“काहीतरीच! नाश्त्याच्या वेळी तर जवळजवळ रिकामी होती!” डिलेनी धावत आत आली. भिंतीवरचे पाण्याची पातळी दाखवणारे चारही दिवे लागले होते. तिने टाकीवर टकटक केलं. चांगली भरलेली!

तिचं डोकंच चक्रावलं. घरून निघताना बाबांनी टाकी काठोकाठ भरली होती. नाश्त्याच्या थांब्यावर पाहिलं, तर एकच दिवा. आता पेट्रोल पंपावर पुन्हा चार! आणि खाली कुठे गळतीही दिसेना.

“भुताटकी!” कोल्बी कुजबुजला.

बाबा मात्र वैतागले. “टाकीचा भरवसा नसेल, तर इथूनच माघारी फिरू. पुढे नेवाडाच्या वाळवंटात पाण्याचा थेंब नाही!”

माघारी? डिलेनीने कोल्बीकडे पाहिलं. उद्या वाळवंटातल्या कोरड्या तळ्यावर त्यांचं रॉकेट उडायचं होतं. वर्षभर राबून दोघांनी ते बनवलं होतं!

घाटाआधीच्या थांब्यावर दोघं झाडामागे दबा धरून बसले. आजोबा इकडेतिकडे बघत आले, वाकले आणि टाकीचा तळाचा नळ सोडला. पाणी भळाभळा वाळूत जिरलं. मग आजोबा शीळ घालत निघून गेले.

“चोर आपल्याच घरातला!” कोल्बी म्हणाला.

“पण मग भरतं कोण?”

तेवढ्यात आई आली, दिवे बघायला आत डोकावली आणि कपाळाला हात लावून लगबगीने पाण्याचा पाइप टाकीकडे ओढू लागली. डिलेनी बघतच राहिली. हा काय घोळ आहे?

“थांब, दोघांनाही बोलतं करते!” म्हणत ती बाबांकडे धावली. “बाबा, टाकी फुटली! चला घरी!”

“फुटली नाही!” आई आणि आजोबा एकदमच ओरडले. मग चमकून एकमेकांकडे वळले.

“मीच सोडलं पाणी,” आजोबा पुटपुटले. “एवढं ओझं घेऊन घाट चढायचा? इंजिन तापून बसेल!”

“आणि मला वाटलं टाकी गळतेय,” आई म्हणाली. “यांना कळलं तर मुलांची सहल बुडेल, म्हणून मी गुपचूप भरत होते!”

“अहो, पण कोणी मला विचारायचं तरी!” बाबा हतबुद्ध झाले.

“तुम्ही तरी भरताना कुणाला विचारलंत?” डिलेनीने सुनावलं. ती पुढे म्हणाली, “घाट चढेपर्यंत हातपाय धुण्यापुरतं ठेवू. वाळवंट लागण्याआधी घाटापलीकडच्या गावात पाणी मिळतं ना? तिथे टाकी भरून घेऊ. तिथून तळ्यापर्यंत सपाट रस्ता आहे.”

“शाब्बास!” बाबांनी तिची पाठ थोपटली. “आम्हा तिघांना हे सुचू नये!”

ट्रेलर आरामात घाट चढून उतरला. गावात टाकी पुन्हा काठोकाठ भरली. आजोबांनी टाकीच्या झाकणाची किल्ली डिलेनीच्या हातात ठेवली.

“आता पाण्याची मालकीण तू! आणि हो, नळाजवळ मी दिसलो तर मलाही हाकलून दे!”