मिटलेल्या पाकळ्या

"म्या इख नाही फवारलं, बाई. फवारायचंच असतं तं फुलायवर काहून? मोतीरामवरच नसतं फवारलं?"

तानुबाईच्या या जबाबावर सुनावणीच्या खोलीत कोणीच हसलं नाही.

अमरावतीच्या एका भाजीबाजारातला तिचा गाळा रद्द होण्याच्या बेतात होता. शेजारी मोतीराम फुलवाला. त्याने लग्नाच्या सजावटीची फुलं बाजाराच्या सामायिक थंड खोलीत ठेवली होती. तानुबाईने त्यांच्यावर विष मारलं, अशी त्याची तक्रार होती. दोन्ही बाजू ऐकून निर्णय द्यायला सुनावणी अधिकारी म्हणून शैला पांढरीपांडे आल्या होत्या.

"सोपं आहे, मॅडम," त्यांचा लघुलेखक ईशान कुजबुजला. "दोघांचं भांडण सगळ्या बाजाराला माहीत आहे. आजच संपवा, असा वरून फोनही आला."

"फोन करणाऱ्यांनी तानुबाईचं ऐकलंय का?"

ईशानने वही उघडली.

मोतीराम सांगू लागला, "बडनेऱ्याले गाडीतून उतरवली तवा फुलं टवटवीत होती. सकाळी पाह्यतो तं कार्नेशनच्या पाकळ्या आत मिटलेल्या! नवरीच्या बापासमोर तोंड दाखवाले जागा नाही राह्यली."

"सगळीच फुलं गेली?"

"जरबेरा वाचला. होता त्याच टोपल्यायमधी."

राखणदार जीवनने साक्ष दिली. "तानुबाई पंप घेऊन आत गेली. म्या सोता पाह्यलं."

"पानी होतं त्यात, मेथीवर माराले!" तानुबाई उसळली. "अन् माये कच्चे टमाटे तिथंच लाल होऊन गेले, ते कोनी पुसत नाही!"

ईशानची बोटं थांबली.

"टोमॅटोही लिहा," शैलाबाई म्हणाल्या.

दुपारी त्या सगळ्यांना घेऊन थंड खोली पाहायला गेल्या. दारावर पाटी होती: फळे ठेवू नयेत. आत फिनेलचा उग्र वास होता, पण त्याखाली काहीतरी गोडसर दरवळत होतं. कोपऱ्यात केळीच्या वाळक्या पानाचा तुकडा पडला होता.

"पूजेचं असन," जीवन घाईने म्हणाला.

शैलाबाईंनी बाजारातून दोन मोठे डबे आणवले. दोन्हींत ताजी कार्नेशन आणि जरबेरा ठेवली. एकात पिकलेल्या केळ्यांची फणी टाकली. मोतीराम आणि तानुबाईने आपापल्या हातांनी डबे चिकटपट्टीने बंद केले.

"मॅडम, केळी कशाला?" ईशानने विचारलं.

"दोघांच्या समोर उघडू, तेव्हा सांगेन. जे या दोघांना दिसलं नाही, त्यावर मला निकाल देता येत नाही."

पुढच्या सुनावणीत डबे उघडले. केळी नसलेल्या डब्यातली फुलं ताजी होती. दुसऱ्यात जरबेरा तसाच, कार्नेशन मात्र मिटलेलं.

"अशीच! अगदी अशीच!" मोतीराम उभा राहिला.

"विष फवारलं असतं, तर त्याच टोपलीतला जरबेराही जळाला असता," शैलाबाई म्हणाल्या. "पिकती फळं एक वायू सोडतात. त्याने कार्नेशन मिटतं, जरबेराला फारसं काही होत नाही. त्याच वायूने कच्चे टोमॅटो लाल होतात. म्हणजे त्या खोलीत केळी होती, आणि भरपूर होती. तो गोड वास आणि ते पानही तेच सांगत होतं. पंपाबद्दल जीवन खरं बोलला, पण अर्धंच. खोलीची किल्ली कोणाकडे असते, जीवन?"

जीवनने खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. "बहिनीच्या घरची केळी होती, मॅडम. अंजनगावाहून आली अन् पुढं नेनारा ट्रक अडकला. उन्हात सडून जातीन म्हून ठेवली अन् पहाटे काहाडून नेली. फुलं गेल्यावर लय भेलो, वास जावा म्हून फिनेल मारलं. तानुबाईच्या हातात पंप पाह्यला होता, तेच सांगून देलं."

शैलाबाईंनी निकाल सांगितला. तानुबाईचा गाळा कायम.

मोतीराम खालमानेने म्हणाला, "वैनी, बजारभर मीच सांगत फिरलो."

"मंग आता तूच सांग फिरून," तानुबाई म्हणाली. मग तिची नजर जीवनकडे वळली. "बाई, याची नोकरी जाईन का?"

"त्याचीही सुनावणी होईल. त्याचंही म्हणणं ऐकलं जाईल."

ईशानने नवा कागद घेतला. "तारीख कोणती लिहू, मॅडम?"

"तारीख नको, ईशान. त्याच्याबद्दल माझं मत झालेलं आहे. ती सुनावणी दुसऱ्या कोणीतरी घ्यायला हवी."